अनुभव धागा: मुलांची खेळणी आणि भेटवस्तू आपण कशा पारखता?

बारसे, बोरन्हाण, वाढदिवस आणि दिवाळीतला किल्ला अशा निमित्तांनी मुलांसाठी आपण हौसेने वस्तू घेतो. परंतु ती वस्तू कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती पडणार आहे, याचा विचार बहुधा मागे राहतो. सातारा-सांगली भागातील सभासदांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. ‘प्लॅस्टिक वाईट, लाकूड चांगले’ एवढेच लिहू नये, कारण लाकडी खुळखुळ्याचा सुटलेला मणीही घशात अडकतोच.

खेळण्यांचे दुकानदार, सांगली

1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले असून परदेशी मालालाही हीच अट आहे. गिऱ्हाईक चिन्ह पाहते, पण त्यासोबतचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहत नाही, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातल्यास परवाना कोणाचा आहे, हे दुकानात उभ्या उभ्या कळते. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे, म्हणून चिन्ह नसलेली प्रत्येक लाकडी बाहुली बेकायदा समजू नये. खोक्यावर ‘3 वर्षांवरील’ असे छापलेले असताना ‘आमचा नातू फार हुशार आहे, त्याला चालेल’ असे आजोबा कौतुकाने म्हणतात, तेव्हा मला सांगावे लागते की तो आकडा बुद्धीचा नसून घशाचा आहे.

परिचारिका, बालरुग्ण विभाग, मिरज

दुकानदारांनी घशाचा मुद्दा काढला, म्हणून लिहिते. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुमारे 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावणारी, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी असलेली वस्तूदेखील धोक्याची मानतात. मला मात्र सर्वांत जास्त भीती चपट्या बटण-बॅटरीची वाटते, जी गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, चमकणाऱ्या भिंगरीत आणि छोट्या रिमोटमध्ये असते. गिळलेले नाणे जसे शौचावाटे पडते तशी बॅटरीही पडेल, असा पालकांचा समज असतो. ती अन्ननलिकेत अडकली तर ओलसर आवरणातून वीज वाहून तेथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. खेळणे चालवण्याइतका जोर न उरलेली बॅटरीही हे करू शकते. मूल अचानक लाळ गाळू लागले, खाणे नाकारू लागले किंवा खोकू लागले, तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठावे आणि बॅटरीची शंका डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण एक्स-रेमध्ये ती सहज नाण्यासारखी दिसते. खेळणे घेताना बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, एवढे तरी पाहावे. एकाहून अधिक शक्तिशाली चुंबक गिळल्यास ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढून छिद्र पाडतात, त्यामुळे सुट्या चुंबकगोळ्या घरात नकोतच.

एक आजी, वाई

आमच्याकडे बारशाला काळ्या मण्यांच्या मनगट्या येतात. बाळ त्या दिवसभर चोखते आणि दोरा कुजतो, हे मी सुनेला दाखवले. आता त्या फोटोपुरत्या घालून काढून ठेवतो. बोरन्हाणात बोरे, हरभरे, शेंगा आणि हल्ली कडक गोळ्याही बाळाच्या डोक्यावरून ओततात. मोठी मुले त्या वेचतात, पण मध्ये बसलेले बाळही हाताला लागेल ते तोंडात घालते. या संक्रांतीला आम्ही बाळावर फक्त झेंडूच्या पाकळ्या आणि थोडे चुरमुरे ओतले, मांडीवर घेणारी आत्या शेवटपर्यंत हलली नाही आणि बाकीचा खाऊ मुलांना पुड्यांतून दिला. विहीणबाईंना ते थोडे कोरडे वाटले, हेही सांगते.

शिक्षक, कराड

किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांचा रंग बोटाला लागत असेल, तर ते लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. फुटलेल्या फुग्याचे तुकडे ताबडतोब उचलावेत.

मावशी, फलटण

भाचीसाठी चाकांचा वॉकर आला होता. कॅनडाने 2004 मध्ये त्याची विक्रीच बंद केली, कारण बाळे त्यात बसून जिन्यावरून गडगडत होती. बहिणीच्या संमतीने मी तो दुकानात परत केला आणि त्या पैशांत लाकडी पांगुळगाडा घेतला, जो बाळ स्वतः उभे राहून ढकलते. जिन्याच्या तोंडाशी फळी मात्र आजही लावलेली असते.