पैठणी 'प्युअर सिल्क' आहे म्हणजे हातमागाचीच ना? जरा मदत हवी

रुखवत_२:
नणंदेच्या लग्नासाठी मागच्या आठवड्यात पैठणी घेतली, ११,५०० ला. दुकानदार म्हणाला प्युअर सिल्क, हातमाग, येवल्याची, आणि सिल्क मार्कचं लेबल पण आहे बरं का. घरी आणून दाखवली तर सासूबाईंनी पुढून बघितलीच नाही, सरळ पदर उलटा केला, ट्यूबलाइटखाली धरला आणि म्हणाल्या "ही पैठणी नव्हे". का ते सांगितलं नाही, नुसतं हं केलं. मागून मोरांवर पातळ जाळी चिकटवल्यासारखी आहे आणि ती बोटाने जरा उचलली तर खाली कापलेल्या धाग्यांची दाढी. मग लेबल खोटं का? की मी उल्लू बनले?

गोदाकाठ:
ताई, लेबल खरं असू शकतं आणि सासूबाई पण खऱ्या असू शकतात, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिल्क मार्क म्हणजे धागा खरं रेशीम आहे एवढंच, कुठल्या मागावर विणलं त्याच्याशी त्याचा संबंध नाही. हातमागासाठी हॅण्डलूम मार्क वेगळा असतो, तो आहे का बघा.

आता पदराचं. खऱ्या पैठणीच्या पदरात विणकर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली (धागा गुंडाळलेली काडी) घेऊन बसतो, मोराचा हिरवा जिथे संपतो तिथे तो धागा शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो, पुन्हा पुढची ओळ, पुन्हा तेच. धागा मागून लांबवर ओढून नेतच नाही, म्हणून मोर पुढून मागून सारखाच दिसतो, उलट सुलट कळत नाही. एका मोरात दहा-बारा तिल्ल्या लोंबत असतात, मी येवल्यात बघितलंय, दिवसभरात काही इंच झालं की खूप झालं. पॉवरलूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॅकार्डने (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणारी यंत्रणा) केलं की रंगाचे धागे मागे तरंगत राहतात, मग ते कापतात, आणि घातलं की बांगड्या अडकू नयेत म्हणून वरून जाळी चिकटवतात. तुमच्याकडे तेच आहे. बाजारात त्याला सेमी पैठणी म्हणतात. वाईट नाही, फक्त त्या नावाने आणि त्या भावात विकायला हवी.

एक सांगतो, नुसता काठ बघून ठरवू नका, कारण येवल्यात हातमागावरसुद्धा ब्रोकेडचा काठ जॅकार्ड लावून करतात. बघायचा तो पदर.

आजीची_ट्रंक:
धागा जाळून बघा ना आधी! पदराच्या टोकाला दशा असतात त्यातला एक उभा धागा घ्या, आणि आतल्या शिवणीच्या बाजूचा एक आडवा. दोन्ही घ्यायचे हं, कारण पुष्कळदा उभा एक असतो आणि आडवा भलताच. चिमट्यात धरून गॅसवर. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळली की पावडर होते, पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. जरीचा धागा नका घेऊ.

आणि ठेवताना डांबरगोळ्या थेट साडीवर नकोत, सेंट तर अजिबात नको, जरी काळी पडते. जुन्या सुती धोतरात गुंडाळा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटते. माझ्या आजीची तशीच गेली, जांभळी, एकधोटी, म्हणजे एकाच धोट्याने (आडवा धागा नेणाऱ्या नळीने) विणलेली. अजून वाईट वाटतं.

झाडीपट्टीवाला:
पैठणी पैठणी चालूच असते इथे 😀 आमच्या विदर्भाकडे पण बघा कधी. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरचा कोसा म्हणजे टसर रेशीम. त्याची अळी नेहमीच्या रेशमासारखी तुतीवर नाही, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढते, झाडावर अळ्या सोडल्या की पाखरं टिपतात म्हणून माणूस दिवसभर गुलेल घेऊन राखणीला. कोष चांगला टणक, वर देठ असतो, फांदीला लटकून राहतो. रंग मुळातच मधासारखा. तुतीच्या रेशमासारखी गुळगुळीत चमक नाही, हाताला जरा खरखरीत लागतो, म्हणून नवे लोक म्हणतात खरं रेशीम नाही हे!! करवती काठाची साडी शोधा, अंग कोशाचं, काठ सुती, आणि काठाच्या कडेला करवतीचे दात. माझ्या मते जरीशिवाय इतकी रुबाबदार साडी दुसरी नाही, भांडायला तयार आहे.

मद्रासी_मराठी:
भांडत नाही पण चेन्नईहून एक भर. कांजीवरममध्ये पण सासूबाईंसारखंच बघतात, काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून मध्ये अडकवतात त्याला कोरवाई, पदर वेगळ्या रंगाचा असेल तर जिथे जोडतात तिथे नागमोडी रेघ येते ती पेटनी. ती हाताला लागते. इकडच्या मावश्या डोळे मिटून ओळखतात. आणि आसामचं मुगा रेशीम कुणी बघितलंय का, ते मुळातच सोनेरी, रंग द्यावाच लागत नाही. एरी रेशीम एरंडाच्या पानांवरच्या अळीचं, त्याचा कोष एका बाजूला उघडा असतो, पतंग निघून गेल्यावरही सूत कातता येतं, जीव मारावा लागत नाही, म्हणून आमच्या ओळखीतल्या एक जैन काकू तेवढंच रेशीम नेसतात.

रुखवत_२:
अपडेट. दोन्ही धागे जाळले. उभ्याला केसांचा वास आला, आडव्याचा पण तोच, राख झाली. म्हणजे रेशीम खरं, लेबल खरं, पण माग पॉवरलूमचा. हॅण्डलूम मार्क कुठेच नाही आणि बिलावर मात्र बॉलपेनने 'हातमाग' लिहिलंय!! ते बघून सासूबाई पहिल्यांदा हसल्या आणि म्हणाल्या बिल जपून ठेव, शनिवारी मी येते बरोबर. त्यांची स्वतःची पैठणी पण घेणार आहेत पिशवीत, पदर उलटा करून दाखवायला.

गोदाकाठ:
त्यांना घेऊनच जा. आणि काय झालं ते इथे लिहा नक्की.