परदेशातल्या थीम पार्कमधला स्टाफ: आपल्याशीच तुसडेपणा करतात की तिकडची पद्धतच तशी?

ठाण्याची_मीनल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारतेच. मे महिन्यात आम्ही युरोपला गेलो होतो, मी, नवरा, सहा वर्षांचा मुलगा आणि माझी आई. त्यात एक दिवस थीम पार्कसाठी ठेवलेला. कुठलं पार्क ते मुद्दाम लिहीत नाही, उगाच एकावर खापर नको. तर मुलगा एका राईडला उंचीत अगदी थोडक्यात कमी पडला, तिथल्या मुलीने पट्टी लावली, मान हलवली आणि सरळ मागच्या माणसाकडे बघायला लागली, सॉरी नाही, बाळा पुढच्या वर्षी ये नाही, काहीच नाही. नंतर आईला गोळी घ्यायला कपभर गरम पाणी हवं होतं तर काउंटरवरच्याने चहाच्या किमतीच्या बोर्डकडे बोट दाखवलं. आणि संध्याकाळी आइस्क्रीमच्या रांगेत आमच्या पुढे दोनच जण उरलेले असताना शटर खाली! आईचा चेहरा एवढासा झाला. ती म्हणाली, मी साडी नेसून आले म्हणून असं वागतायत का गं? ते वाक्य मला अजून टोचतंय.

त्याच्या आधी अमेरिकेत बहिणीकडे गेलो होतो तेव्हा नेमकं उलटं. पार्कातले लोक स्वतःहून थांबून बोलायचे, आईच्या साडीचं कौतुक काय, मुलाला वाढदिवसाचा बिल्ला काय, आई तर घरी आल्यावर सगळ्या बिल्डिंगला सांगत होती.

आता दिवाळीच्या सुट्टीत टोकियोचं ठरतंय आणि डिस्नी करायचंच आहे. तिकडे कसा अनुभव येतो? आणि हे देशादेशाचं वेगळेपण आहे की खरंच माणूस बघून वागतात? तिकडे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा, मला गोड बोलून समजूत नकोय. आई शाकाहारी आहे, कांदा-लसूणही खात नाही, हेही लक्षात घ्या.

श्वार्झवाल्डचा_पाहुणा

मीनलताई, मी दक्षिण जर्मनीत राहतो, रुस्तचं युरोपा-पार्क आम्हाला जवळ, त्यामुळे पाहुणे आले की तिथे नेणं ठरलेलं. तुम्ही लिहिलेले तीनही प्रसंग वाचून मला नवल वाटलं नाही कारण इथे स्थानिक जर्मन कुटुंबालाही तेच उत्तर मिळतं. उंची कमी म्हणजे नाही, विषय संपला, त्यात माफी मागण्यासारखं काही आहे असं त्या मुलीला वाटतच नाही, उलट स्पष्ट आणि लवकर सांगितलं म्हणजे तुमचा वेळ वाचवला अशी तिची समजूत असते. दुकान सहाला बंद म्हणजे सहाला बंद, कारण तिची शिफ्ट संपली, तिचं घर आहे, तिची ट्राम आहे. आणि पाणी तर इथे हॉटेलातही फुकट मिळायची मारामार, विकतच घ्यावं लागतं, त्यामुळे गरम पाणी नुसतंच मागणं त्यांच्या डोक्यातच येत नाही.

फ्रान्सचा भाग अजून वेगळा. तिथे आधी नीट बाँजूर मादाम म्हणायचं, समोरच्याने उत्तर दिलं की मग काम सांगायचं. आपण सवयीने थेट 'एक्सक्यूज मी, टॉयलेट कुठे' सुरू करतो, त्यांना ते फार लागतं. तिथली कामगार संस्कृती समजून घ्यायची तर १९९२चं उदाहरण बघा. पॅरिसजवळ मार्न-ला-व्हालेला डिस्नीचं पार्क उघडलं, तेव्हा युरो डिस्नी नाव होतं, आणि अमेरिकन व्यवस्थापनाने आपले नियम जसेच्या तसे लावले, दाढी-मिशी नको, मेकअप इतकाच, कपडे असेच. फ्रेंच युनियन खवळल्या, आमच्या चेहऱ्याचं काय करायचं ते कंपनी कोण ठरवणार म्हणून. पार्कात वाइन मिळायची नाही, त्यावरूनही नाराजी, शेवटी १९९३ मध्ये द्यायला लागले. २०२३ मध्ये तर पगारवाढीसाठी तिथल्या कामगारांनी संप केला आणि परेड रद्द झाल्या. म्हणजे तिथला माणूस तुमच्यासमोर नोकर म्हणून उभा नसतो, तो बरोबरीचा नागरिक आहे आणि त्याला तसंच वागवा असं त्याचं म्हणणं असतं. मला स्वतःला हे पटतं. पण सहा वर्षांच्या पोराला दोन शब्द गोड बोलायला काय लागतं, हेही तितकंच खरं.

आईंच्या प्रश्नाचं म्हणाल तर रंग बघून वागणारे इथे नाहीतच असं मी म्हणणार नाही, आहेत, मी पाहिलेत. फक्त ओळखायचं कसं, तर दोन मिनिटं बाजूला उभं राहून मागच्या कुटुंबाला काय उत्तर मिळतंय ते बघायचं. त्यांच्यापुढेही शटर खाली आलं असेल तर तो स्वभाव. त्यांना आइस्क्रीम मिळालं आणि तुम्हाला नाही, तर मात्र गप्प बसू नका, गेस्ट सर्व्हिसला जाऊन वेळ आणि जागा लिहून द्या. लेखी तक्रार इथे गांभीर्याने घेतात, आरडाओरडा नाही.

ऑर्लँडो_डायरी

मी फ्लोरिडात. अमेरिकेतलं कौतुक खोटं असतं असं आपल्याकडे बरेच जण म्हणतात, मला ते आवडत नाही. ट्रेनिंगचा भाग आहे हे खरं, हसायचं, डोळ्यात बघून बोलायचं, रस्ता दाखवताना एक बोट न वापरता दोन बोटं किंवा पूर्ण हात, सगळं शिकवलेलं असतं. छातीवर नावाची पट्टी, तीही पहिल्या नावाची, खाली गावाचं नाव, म्हणजे तुम्ही काहीतरी विचारावं, गप्पा सुरू व्हाव्यात यासाठीच. पण शिकवलेलं असलं तरी त्या माणसाने तुमच्या आईशी बोलायला वेळ काढला ना.

इथला मोठा फरक म्हणजे समोरच्या स्टाफला स्वतः ठरवायची थोडीफार मुभा असते. राईड बंद पडली तर नंतर रांग न लावता येण्याचा पास देतील, मूल रडत असेल तर काहीतरी करून त्याला हसवतील. डिस्नी वर्ल्डमध्ये काउंटर सर्व्हिसच्या ठिकाणी बर्फाचं पाणी मागितलं की कपात फुकट मिळतं, घरचं खाणंसुद्धा आत नेता येतं, काचेची भांडी आणि दारू सोडून. आमच्या सासूबाई ठेपले आणि गोडा मसाला घातलेला भात घेऊनच जातात.

पण याची किंमत दुसरीकडून वसूल होते हे लोक विसरतात. टेबलावर बसून जेवलात की वर टॅक्स, त्यावर १८ ते २० टक्के टिप, ती द्यावीच लागते कारण वेटरचा मूळ पगार त्या हिशेबानेच कमी ठेवलेला असतो. राईडवाल्यांना टिप नसते. जपानमध्ये तर टिप द्यायचा प्रयत्नही करू नका, पैसे परत करायला मागे पळत येतील.

निशीकासाईकर

मीनलताई, टोकियोचं मी सांगतो. आम्ही निशी-कासाईला राहतो, भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि डिस्नी नदीपलीकडे उरायासूला, त्यामुळे वार्षिक पाहुणे आणि वार्षिक डिस्नी. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं डिस्नी पार्क, १५ एप्रिल १९८३ला उघडलं, आणि ते डिस्नी स्वतः चालवत नाही, ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी चालवते, डिस्नीला रॉयल्टी देते. म्हणून कपडे आणि गाणी अमेरिकन असली तरी सेवा पक्की जपानी.

आईंना इथे फार आवडेल, आधीच लिहून ठेवतो. झाडूवालेसुद्धा पावसाच्या साचलेल्या पाण्यात झाडू बुडवून फरशीवर मिकीचं चित्र काढतात. वाढदिवस असेल तर सांगा, मुलाचं नाव लिहून स्टिकर देतात आणि मग दिवसभर दिसेल तो कर्मचारी त्याला शुभेच्छा देतो. मुलगा उंचीत कमी पडला तर इथेही बसवणार नाहीत, पण ती मुलगी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन नाही सांगेल.

मात्र नाही म्हणजे नाहीच. आपल्याकडे 'जरा बघा ना साहेब', 'मॅनेजरला बोलवा', 'एवढ्या लांबून आलोय' या तीन वाक्यांवर बरंच काही हलतं. इथे ते बोललात की समोरचा अजून खाली वाकून अजून माफी मागेल, उत्तर तेच राहील. मॅनेजर येईल, तोही माफी मागेल, उत्तर तेच. आवाज चढवलात तर आजूबाजूचे सगळे मान वळवून बघतात आणि आईलाच अवघडल्यासारखं होईल. टोकियो महानगराने तर ग्राहकांनी कर्मचाऱ्यांना त्रास देण्याविरुद्ध वेगळा नियमच केलाय, १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

पेठेतला_प्रवासी

वरचं वाचून वाटतं तितकं जपान मला भावलं नाही. सगळं गोड, पण भिंतीशी बोलल्यासारखं. आम्ही रेस्टॉरंटमध्ये (डिस्नीत नव्हे, शहरात) सूपमधलं मांस काढून द्या म्हणून हात जोडले, पंधरा वेळा सॉरी म्हणाले, पण बदल शून्य. मला त्यापेक्षा दुबईच बरी वाटली, हिंदीत बोला, अर्धा स्टाफ आपलाच, काम होऊन जातं. स्वतः विचार करण्याची मुभाच नसेल तर त्या वाकण्याचा काय उपयोग?

फोंड्याचा_दर्यावर्दी

पेठेतले दादा, आपलाच स्टाफ असला की काम होतं म्हणताय, त्या स्टाफमध्ये मी होतो. आखातातल्या एका पार्कात फूड काउंटरला. आमच्या टीममध्ये गोव्याचे, केरळचे, नेपाळी, फिलिपिनो, केनियाचे असे सगळे. आपल्या लोकांना आपला माणूस दिसला की हक्क वाटतो, ते छान वाटायचं, काकी लोक तर जेवलास का बाबा विचारायच्या. पण त्याच हक्काने 'अरे ए, इकडे ये' म्हणणारे, शुक शुक करणारे, रांग सोडून पुढे घे म्हणणारेही आपलेच जास्त. गोऱ्या सुपरवायझरशी तीच माणसं प्लीज-थँक्यूने बोलायची. ते मनाला लागायचं, आजही लागतं. आणि तुमच्यासाठी नियम मोडून 'काम करून दिलं' तर मागाहून मेमो आम्हाला मिळायचा, तुमचं विमान तोवर मुंबईत उतरलेलं असायचं. तेव्हा कृपा करून स्टाफला माणूस म्हणून बघा, कुठल्याही देशात.

निशीकासाईकर

दर्यावर्दी, अगदी मनापासून लिहिलंत, धन्यवाद.

पेठेतला_प्रवासी, जेवणात बदल करत नाहीत हे बरोबर. एक कारण असं की घटक, ऍलर्जी सगळं आधी ठरवून लिहिलेलं असतं, आयत्या वेळी फेरफार केला आणि कुणाला त्रास झाला तर जबाबदारी कुणाची. पण स्वतः विचार करण्याची मुभा नाही हे मला अजिबात मान्य नाही. ११ मार्च २०११चा भूकंप आठवा. त्या दुपारी इथली दोन्ही पार्क, डिस्नीलँड आणि डिस्नीसी, मिळून सुमारे ७० हजार लोक आत होते. तिथले बहुतेक कर्मचारी पार्ट टाइम, कॉलेजातली मुलं-मुली. त्यांनी दुकानातली टेडी बेअर, बाहुल्या काढून लोकांना दिल्या, डोक्यावर धरा म्हणून. विक्रीचा खाऊ वाटला, थंडी होती तर पुठ्ठे आणि कचऱ्याच्या मोठ्या पिशव्या अंगावर घ्यायला दिल्या, ट्रेन बंद म्हणून सुमारे २० हजार लोक रात्रभर तिथेच राहिले. कुणी वरिष्ठ येऊन दुकान उघड म्हणेल याची वाट बघितली नाही. डिस्नीच्या ट्रेनिंगमध्ये तेव्हा क्रम ठरलेला होता, सुरक्षितता पहिली, मग सौजन्य, मग शो, आणि कार्यक्षमता त्याच्याही नंतर; सुरक्षितता आजही पहिलीच. सुरक्षिततेसाठी माल फुकट वाटता येतो हे त्या पोरांना माहीत होतं, म्हणून हात थांबला नाही. त्याच क्रमामुळे सेंटीमीटरभर कमी असलेल्या मुलाला ते बसवत नाहीत. मला तरी ह्या दोन्ही गोष्टी एकाच मुळातून आलेल्या दिसतात.

ठाण्याची_मीनल

सगळ्यांचे खूप आभार. श्वार्झवाल्ड, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, आणि दर्यावर्दींचाही. ती म्हणाली शटर खाली आलं तेव्हा रांगेत आपल्या मागे आणखी गोरी माणसं पण उभी होती, तीही परत गेली. तिला जरा बरं वाटलं असं मला वाटतं.

निशीकासाईकर, मग आईच्या खाण्याचं काय करू? डबा नेता येतो का आत?

निशीकासाईकर

ताई, सरसकट नाही. टोकियोत घरचा डबा आत नेऊ देत नाहीत, खायचाच तर गेटच्या बाहेर पिकनिक एरिया आहे, तिथे बसून खायचा आणि मग आत. ऍलर्जी किंवा लहान बाळाचं खाणं अशा कारणांना सवलत असते, आईंचं पथ्य असेल तर गेटवर शिरतानाच शांतपणे सांगा, लपवून नेऊ नका. पाण्याची बाटली चालते. आत कांदा-लसूण सोडा, साधं शाकाहारी मिळणंही अवघड आहे, भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो आणि तो त्यांना मांसाहार वाटत नाही, त्यामुळे 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. जपानीत एक चिठ्ठी लिहून देतो, मांस, मासे, माशाचा अर्क, अंडं, कांदा, लसूण काही चालत नाही अशी, ती दाखवा, ते घटकांची यादी काढून वाचतील आणि खरं सांगतील. नाही म्हणाले तर वाद घालू नका, खरंच नसेल. सकाळी पोटभर खाऊन निघा, आत पॉपकॉर्न आणि फळं यांवर दुपार निघते, संध्याकाळी निशी-कासाईला या, जेवण आमच्याकडे, आईंना वरणभात करून घालू.

परेडचं लक्षात ठेवा, तासभर आधीपासून चटई अंथरून बसायची परवानगी असते, पुढचे बसून बघतात, मागचे उभे. त्याच्या आधी चटई टाकलीत तर येऊन नम्रपणे उचलायला लावतील. आणि राईडला तुमच्या दोघांपैकी एकाला मुलाबरोबर बाहेर थांबावं लागलं तर रायडर स्विच मागा, एक जण जाऊन आला की दुसऱ्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही.

एक शेवटचं, टोकियो स्टेशनवर डिस्नीकडे जाणाऱ्या केयो लाइनचा प्लॅटफॉर्म बाकी स्टेशनपासून फार लांब आहे, चालून आईंचे पाय दुखतील. त्यापेक्षा हात्चोबोरीला गाडी बदला, तिथून माइहामाला उतरलं की समोरच गेट. तारखा ठरल्या की मेसेज टाका, तिकिटं तारखेप्रमाणे ऑनलाइनच आधी काढावी लागतात.