मुलाबाळांसह चालण्यासाठी मराठवाड्यातील जुनी शेतशिवारे: ठिकाणे सुचवावीत

दुधनाकाठ
नमस्कार. आम्ही छत्रपती संभाजीनगरात राहतो. घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत, आणि गुडघे सांभाळून चालणाऱ्या सासूबाईही सोबत असतात. दिवाळी ते संक्रांत या दिवसांत सर्वांना मिळून सकाळचे दोन-तीन तास चालता येईल अशा जागा मी शोधत आहे. देवगिरी, अंतूर, वेताळवाडी यांची माहिती पुष्कळ मिळते, परंतु मला किल्ला नको आहे. शेकडो वर्षे कसली गेलेली आणि आजही पेरणीखाली असलेली जमीन, तिच्या जुन्या विहिरी, पाट, आमराया आणि पाणंद रस्ते मुलांनी पायी पाहावेत, अशी इच्छा आहे. कृपया स्वतः पाहिलेली ठिकाणेच सुचवावीत.

बिंदुसरा
जुने शिवार म्हणून राखून ठेवलेले, फाटक आणि दिशाफलक लावलेले क्षेत्र आखण्याची पद्धत आपल्याकडे नाही. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहिली म्हणून टिकली, आणि तिच्या जोडीला टिकले ते जुने पाणी. म्हणून माझा सल्ला असा की, गावाचे नाव पाहून ठिकाण निवडण्याऐवजी जुने पाणी कोठून निघते आणि कोणत्या रानात उतरते ते पाहावे. पाटाचे पाणी स्वतःच्या वजनाने वाहत असल्यामुळे त्याचा उतार अगदी मंद ठेवावा लागतो, त्यामुळे पाटाच्या कडेची वाट मुलांना आणि ज्येष्ठांना सहसा झेपते.

या दृष्टीने बीडची खजाना विहीर प्रथम पाहावी. बीडपासून सोलापूर रस्त्याने दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर ही विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि तिची आखणी राजा भास्कर याने केली, असे सांगितले जाते. विहिरीला तीन भुयारे आहेत. दोन भुयारांतून झऱ्यांचे पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बलगुजार भागातील शेतीकडे जाते. भुयाराचा उतार जमिनीच्या उतारापेक्षा कमी ठेवला की पुढे एका ठिकाणी पाणी आपोआप भुईच्या पातळीला येते. त्यासाठी मोट लागत नाही, मोटारही लागत नाही. मुलांना हे विहिरीच्या काठावर सांगून भागत नाही. विहिरीत पाणी किती खोल दिसते ते आधी दाखवावे आणि मग तेच पाणी खालच्या अंगाला रानात उघड्यावर वाहताना दाखवावे, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलाला भूगोलाच्या तासापेक्षा अधिक कळेल.

तेथील शेते खाजगी आहेत. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालण्यापूर्वी जो कोणी रानात दिसेल त्याला "रामराम" घालून विचारावे. मला आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. उलट पेरू घेऊन जा म्हणणारेच भेटले. विहिरीच्या काठावर मात्र लहान मुलाचा हात क्षणभरही सोडू नये.

चिकलठाणकर
सासूबाईंचा विचार करता पहिली फेरी शहरातच करावी, असे सुचवतो. दिल्ली दरवाजाजवळील हिमायत बाग ही मुघल काळातील बाग असून आज तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. जुन्या बागेच्या जमिनीवर आजही फळझाडांचेच काम चालते, म्हणजे आपल्या अटीत ती बरोबर बसते. सावली भरपूर आहे आणि दमल्यास बसायलाही जागा मिळते. केंद्राच्या कार्यालयात आधी विचारून जावे आणि झाडांना हात लावू नये, कारण ती प्रयोगाची झाडे असतात.

हुरडाप्रेमी
एवढे कष्ट कशाला? महामार्गाच्या कडेला हुरड्याची अनेक ठिकाणे निघाली आहेत. तेथे बैलगाडी, झोके, जेवण असे सर्व काही एकाच जागी मिळते.

बिंदुसरा
हुरड्याला माझी ना नाही. परंतु धागाकर्तीने चालण्यासाठी जुने शिवार विचारले आहे, आणि आपण सांगता तेथे चालणे वाहनतळापासून ताटापर्यंतच होते.

तेरणेचे पाणी
मुक्कामाची तयारी असेल तर धाराशिव जिल्ह्यातील तेर जरूर पाहावे. सातवाहन काळात तगर नावाने व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेरणेच्या काठी आहे आणि गावाभोवतीच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांना लागूनच पेरणीची रानेही आहेत. आधी लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय पाहावे, तेथील मणी आणि मातीच्या मूर्ती मुलांना दाखवाव्यात, मग विटांचे त्रिविक्रम मंदिर आणि गोरोबाकाकांची समाधी करून नदीकाठाने चालावे. वाटेत खापराचा तुकडा दिसला तर मुलांनी तो पाहावा आणि होता तेथेच ठेवावा. खिशात घालू देऊ नये.

सेलूकर
परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची बारव सुचवतो. तिच्या पायऱ्या सरळ न उतरता चक्राकार फिरत खाली जातात, त्यामुळे मुले काठावरच खिळून राहतात. चालणे थोडे आहे, पण जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे त्याच दिवशी जोडता येतात.

औसेकर
तारखेला मुरड घालता येत असेल तर मार्गशीर्ष अमावास्येला लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यात या. आमच्याकडे त्या दिवशी येळवस असते. गावे ओस पडतात आणि झाडून सारी माणसे रानात जातात. कडब्याची कोप, म्हणजे लहान खोपी, करून तिच्यात पूजा मांडतात. भज्जी, आंबील आणि उंडे यांचे जेवण असते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही पंगतीस बसविल्याशिवाय सोडत नाहीत. पाणंदीने एका रानातून दुसऱ्या रानात चालत जाण्यासाठी वर्षात यापेक्षा चांगला दिवस नाही. ओळखीचे एखादे घर असल्यास मला निरोप पाठविण्याचीही गरज पडणार नाही. नसल्यास अवश्य पाठवा.

दुधनाकाठ
सर्वांचे आभार. आधी हिमायत बाग, नंतर बीड आणि जमल्यास येळवस, असा क्रम ठरवत आहे. मुलांचे कपडे, चपला-बूट आणि दिवसाची वेळ याविषयी कोणी सांगू शकेल का?

सेलूकर
पाऊस पडून गेल्यावर चार-पाच दिवस काळ्या रानात जाऊ नये. चिखल बुटाला असा धरतो की मुलांना पाय उचलवत नाही. जमीन वाळल्यावर तिला भेगा पडतात, म्हणून टाच झाकणारे बूट हवेत. पूर्ण लांबीची विजार घालावी, आणि ती जाड कापडाची असावी, कारण मोज्यांत व लोकरी कपड्यांत कुसळे रुततात. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ज्वारीच्या रानाच्या कडेने करडईच्या ओळी पेरतात, कारण तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नाहीत. कोवळेपणी तिची भाजी होते, परंतु फुलावर आलेली करडई पोटरीला चांगलीच ओरबाडते आणि सात वर्षांच्या मुलीच्या तर ती थेट हातांना लागते. अशा धुऱ्यावर मोठ्यांनी करडईच्या बाजूने चालावे.

तुरीवर किंवा हरभऱ्यावर फवारणी चालू दिसली तर ते रान सोडून दुसऱ्या वाटेने जावे. सकाळी दव वाळल्यावर निघावे आणि अकराच्या आत सावलीला यावे. पाणी घरूनच न्यावे.

बिंदुसरा
बीडला येण्याचा दिवस ठरला की येथेच कळवावे. बलगुजारच्या बाजूला कोणत्या रानातून वाट मोकळी आहे ते आदल्या दिवशी पाहून सांगतो, कारण ज्वारीला पाणी सोडलेले असेल तर धुरे ओले असतात आणि सासूबाईंना तेथून नेणे बरे नव्हे.