राइक्सम्युझियमला तीनच तास मिळत असतील, तर फक्त दुसरा मजला पाहावा का?

रंगरेषा:
माझं मत, हो. अ‍ॅमस्टरडॅमच्या या संग्रहालयात साधारण ८,००० वस्तू मांडल्या आहेत, दालनं ८०. सहल कंपन्या देतात दोन-तीन तास. तेवढ्यात चारही मजले पळत पाहिले तर हाती काही लागत नाही. दुसरा मजला म्हणजे सतरावं शतक, तेवढंच नीट पाहा. संग्रहालय ९ ला उघडतं, तिकीट ऑनलाइन वेळ ठरवूनच काढायचं, तेव्हा पहिलीच वेळ घ्या. मधल्या मोठ्या दालनात शिरल्यावर सगळे रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राकडे धावतात. तुम्ही आधी वर्मीर या त्याच शतकातल्या डच चित्रकाराकडे वळा. ‘नाइट वॉच’ सुमारे ३.८ मीटर उंच आणि ४.५ मीटर रुंद आहे, लोकांच्या डोक्यांवरूनही दिसतं. वर्मीरची दूध ओतणारी मोलकरीण जेमतेम ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. समोर तीन रांगा उभ्या राहिल्या की तिचं काहीच दिसत नाही. जवळून पाहिलंत तर मागच्या पांढऱ्या भिंतीत ठोकलेला खिळा आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं दिसतील, पावावर रंगाचे बारीक ठिपके दिसतील, खाली जमिनीवर पाय शेकायची पेटी दिसेल. यासाठीच तिथे जायचं.

वखारदार:
मजल्याबद्दल सहमत, यादीबद्दल अजिबात नाही. हे देशाच्या इतिहासाचंही संग्रहालय आहे आणि आपल्याकडचे लोक तो अर्धा भाग न बघताच बाहेर पडतात. त्याच मजल्यावर ‘रॉयल चार्ल्स’ या इंग्रज जहाजाच्या पिछाडीचं कोरीव लाकूडकाम आहे, सिंह आणि युनिकॉर्नसकट. १६६७ मध्ये डचांनी इंग्लंडच्या मेडवे नदीत घुसून ते जहाजच ओढून नेलं. व्हान स्खाउलेनबुर्ख या चित्रकाराने १६६५ मध्ये रंगवलेली, बंगालमधल्या हुगळीची डच ईस्ट इंडिया कंपनीची वखारही पाहा. तीन मीटरहून रुंद चित्र आहे, त्यात तटबंदी, आतल्या बागा, समोर गंगा. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष अजून उभे आहेत. वर्मीरच्या काळात चित्रं विकत घेण्याइतका पैसा त्या देशात कुठून येत होता, हे या चित्रासमोर कळतं. मी तर म्हणेन, वर्मीरला दहा मिनिटं द्या आणि इथे अर्धा तास थांबा.

सह्यकडा:
मग शिवाजी महाराजांचं चित्र? ते तिथेच आहे ना? ते सोडून मोलकरीण पाहायची?

कागदपत्र:
आहे, पण भिंतीवर शोधत फिरू नका. ते विट्सेन अल्बममधलं आहे. निकोलास विट्सेन हे अ‍ॅमस्टरडॅमचे महापौर होते, आणि दख्खनी राज्यकर्त्यांची व मुघलांची लघुचित्रं असलेला हा अल्बम त्यांच्या संग्रहातला. कागदावरची कामं कायम उजेडात ठेवली तर रंग उडतात, म्हणून ती बहुतेक वेळ अंधाऱ्या कोठारात असतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट पाहता येतात, तिथेच निवांत पाहा.

रंगरेषा:
@वखारदार, दहा मिनिटांत वर्मीर होत नाही. हुगळीचं चित्र मोठं आहे, गर्दीतही दिसतं, म्हणून ते नंतर ठेवलं तरी नुकसान नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे.

धातुकाम:
दुसऱ्याच मजल्यावर अडकण्याला माझा सक्त विरोध. आशियाई दालन वेगळ्या छोट्या इमारतीत आहे आणि तिथे गर्दी फार कमी. तिथला चोळकालीन नटराज दीड मीटरचा आहे, आणि क्ष-किरण तपासणीत तो आतून पोकळ नसून भरीव ओतलेला असल्याचं दिसलं. एवढ्या आकारात भरीव ओतकाम म्हणजे धातू आकसून तडा जायची भीती मोठी. ते साधलेले कारागीर आपल्याकडचे होते. शिवाय ‘नाइट वॉच’वर २०१९ पासून काचेच्या खोलीत संशोधन सुरू झालं आणि २०२४ च्या शेवटी जुनं वार्निश काढायला घेतलं. समोर काम करणारी माणसं आणि उपकरणं असू शकतात. त्या एका चित्रावर अख्खी भेट टांगून ठेवू नका.

कागदपत्र:
त्यात भर म्हणजे ते चित्र मुळात पूर्ण नाही. १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीत मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, डावीकडची दोन माणसं गेली. पुढे चालणारी कप्तान आणि लेफ्टनंटची जोडी आता अगदी मध्यात दिसते ती त्यामुळेच.

वखारदार:
क्रम कुठलाही ठेवा, विमानतळावरून थेट मोठ्या बॅगा घेऊन जाऊ नका, आत ठेवून घेत नाहीत. प्रवेश इमारतीखालच्या बोगद्यातून आहे आणि मधून सायकली सुसाट जातात. फोटो काढायला तिथे थांबू नका. आणि @रंगरेषा, अर्धा तास हुगळीलाच.