ऑगस्ट सँडरच्या फोटोंखाली माणसांची नावं का नसतात?

प्रश्न:
गेले काही दिवस ऑगस्ट सँडरचे पोर्ट्रेट बघतोय, कोलोनला स्टुडिओ असलेला जर्मन फोटोग्राफर. फोटो डोक्यातून जात नाहीत, पण एक गोष्ट फार खटकते. खाली नाव नाही, नुसतं 'पेस्ट्रीवाला', 'विटा वाहणारा मजूर', 'तरुण शेतकरी'. एवढी जिवंत माणसं आणि त्यांना नुसतं लेबल? आणि कोणीच हसत का नाही? जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद १:
हसण्याचं आधी सांगते. लहान कॅमेरे बाजारात आले तरी हा माणूस काचेच्या प्लेटवाला मोठा कॅमेरा स्टँडवर लावून फोटो काढायचा, एक्स्पोजर लांब, तेवढा वेळ हसू धरून ठेवलं की चेहरा खोटा दिसायला लागतो. त्यामुळे माणसं स्वतःला जशी दाखवायची असतात तशी उभी राहतात. १९२८चा तो पेस्ट्रीवाला बघा ना, पांढरा कोट, टक्कल, एका हाताने पातेलं धरलंय, दुसऱ्या हातात ढवळायचं साधन, आणि बूट चकचकीत! काम थांबवून थेट आपल्याकडे बघतोय. रिटचिंग करून चेहरा गुळगुळीत करणं सँडरला नंतर नकोसंच झालं होतं, सुरकुती आहे तर ती दिसलीच पाहिजे.

प्रतिसाद २:
लेबलबद्दल. त्याला विसाव्या शतकातल्या अख्ख्या जर्मन समाजाचा आल्बम करायचा होता, सात गट पाडलेले, सुरुवात शेतकऱ्यांपासून. त्यात वकील काय नि मजूर काय, दोघांकडे सारख्याच गांभीर्याने बघितलंय, मला तरी हा मानच वाटतो. पण तुमची शंका अगदीच चूक नाही हां. १९१४चे काठ्या घेऊन नाचाला निघालेले ते तीन 'तरुण शेतकरी', ते खरं तर लोखंडाच्या खाणीत कामाला होते, आणि त्यातला एक पहिल्या महायुद्धात मारला गेला. सँडर स्वतः खाणीतल्या सुताराचा मुलगा, लहानपणी खाणीत राबलेला, म्हणून हे मला जास्तच लागतं.

प्रतिसाद ३:
नाझींना काय झोंबलं तेही बघा. १९२९ला त्याचं ६० पोर्ट्रेटचं पुस्तक आलं, १९३६ला त्याच्या छपाईच्या प्लेट नष्ट केल्या, कारण त्यांना हवा तसा एकच 'आदर्श जर्मन' चेहरा त्यात नव्हता, भिकारी, बेकार, सर्कसवाले सगळे होते. मुलगा एरिख डाव्या पक्षात, १९३४ला पकडला, १० वर्षांची शिक्षा झाली आणि सुटायला थोडेच दिवस राहिले असताना १९४४ला तुरुंगातच वारला. युद्धात निगेटिव्ह वाचवायला सँडरने त्यातल्या काही खेड्यात हलवल्या, बाकीच्या कोलोनच्या तळघरात ठेवलेल्या बॉम्बमधूनही वाचल्या, आणि १९४६ला आग लागून तळघरातल्या सुमारे ३०,००० जळाल्या. युद्ध संपल्यावर! हे वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

आणि १९३८च्या सुमारास कोलोनचे ज्यू लोक ओळखपत्रासाठी त्याच्याकडे फोटो काढायला यायचे, ते फोटो त्याने नंतर 'छळ झालेले' म्हणून याच आल्बममध्ये घातले. तिथे लेबल काय सांगतं बघा.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच शेवटचा गट उघडून बघितला, त्याचं नाव 'शेवटची माणसं', आंधळी मुलं, आजारी, म्हातारी माणसं, आणि अगदी शेवटी एरिखच्या चेहऱ्यावरून मृत्यूनंतर घेतलेल्या मुखवट्याचा फोटो. बापाने स्वतःच्या मुलाच्या चेहऱ्यालाही त्याच रांगेत जागा दिली. आता पहिल्या शेतकऱ्यांपासून परत बघायला घेतोय.