स्वीडन समाजवादी म्हणता, मग मालक कोण?

तिठा:
गेल्या आठवड्यात घरी जेवणावर विषय निघाला. एक नातलग म्हणाले, समाजवाद कसा चालतो ते पाहायचं तर स्वीडनला जा. दुसरे म्हणाले, समाजवाद देश कसा बुडवतो ते पाहायचं तरी तिथेच जा. भांडण जुंपलं, पण दोघांनी एक गोष्ट न तपासता धरून ठेवली होती, ती म्हणजे स्वीडन समाजवादी आहे. मला हे मुळातच पटत नाही. का ते मांडतो, खोडून काढा.

समाजवादाचा गाभा मालकी हा आहे. कारखाना कोणाचा, बँक कोणाची आणि नफ्याचं पुढे काय करायचं हे कोण ठरवतं? पुण्यात दापोडीवरून जाणाऱ्यांना अ‍ॅटलास कॉप्को, अल्फा लावल, सँडविक या पाट्या पाठ असतात. या सगळ्या स्वीडिश आणि सगळ्या खाजगी. त्यातल्या अ‍ॅटलास कॉप्कोवर वालेनबर्ग घराण्याची पकड आजही आहे. तिथे सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९३२ ते १९७६ अशी ४४ वर्षं, १९३६चा एक उन्हाळा सोडला तर सलग, सरकार चालवलं. तेवढ्या काळात या घराण्याच्या मालकीला कोणी हात लावला नाही. १९३८ साली साल्टशोबाडेन इथे कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांनी करार केला की आपले तंटे आपण मिटवू, सरकारला मध्ये घेणार नाही. आजही स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदा नाही. वेतन ठरतं ते संघटना आणि मालक यांच्या वाटाघाटीत.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते. महासंघाचे अर्थतज्ज्ञ योस्ता रेन आणि रुडॉल्फ माइडनर यांनी १९५१ साली वेतनाचं धोरण मांडलं: कंपनी फायद्यात असो की तोट्यात, सारख्या कामाला सारखं वेतन. ज्यांना ते परवडणार नाही त्या कंपन्या बंद पडू देत, तिथल्या कामगारांना सरकार प्रशिक्षण देऊन दुसरीकडे लावेल. धोरण चाललं, पण त्यातून एक पेच उभा राहिला. भरभराटीच्या कंपन्यांतले कामगार जास्त वेतन मागू शकत असूनही मागत नव्हते. तो वाचलेला पैसा कुठे गेला? मालकांच्या खिशात. कामगारांनी एकमेकांसाठी सोसलं आणि त्यावर भागधारक गब्बर झाले.

म्हणून १९७५ साली माइडनर यांनी दुसरी योजना आणली. मोठ्या कंपन्यांनी दरवर्षी नफ्याच्या २० टक्के एवढ्या किमतीचे नवे शेअर काढून कामगारांच्या सामाईक निधीला द्यायचे. नफा जितका जास्त, तितक्या लवकर निम्म्याहून अधिक कंपनी कामगारांची. ही योजना समाजवादाची होती. पण १९७६ साली पक्ष निवडणूक हरला. सत्तेत परतल्यावर त्याने जो कायदा आणला त्यात मूळ योजनेचा जीवच उरला नव्हता. शेअर बाजारातून थोडेफार शेअर घेणारे पाच निधी, एवढंच. तेवढ्यावरही ४ ऑक्टोबर १९८३ रोजी स्टॉकहोममध्ये सुमारे ७५ हजार लोकांचा विरोधी मोर्चा निघाला. १९९१ साली आलेल्या कार्ल बिल्ट यांच्या उजव्या सरकारने ते निधीही मोडीत काढले. स्वीडन समाजवादाच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत फिरला, असं माझं मत आहे.

खाडीकाठ:
मी बारा वर्षं स्वीडनमध्येच, गोथेनबर्गजवळ राहते. तुमचा इतिहास बरोबर आहे, पण व्याख्या अपुरी वाटते. माझी आई काजूच्या कारखान्यात मजुरीला होती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी सव्वा महिना झाला आणि ती परत कामावर गेली, कारण त्या दिवशीची मजुरी नसेल तर त्या दिवशीचं तांदूळ-मीठ नाही. माझा मुलगा झाला तेव्हा आम्हा दोघांना मिळून ४८० दिवसांची पगारी रजा होती. त्यातले ९० दिवस फक्त वडिलांसाठी राखीव, ते मला घेता येत नाहीत. मूल तापाने फणफणलं तर घरी थांबता येतं आणि पगाराचा सुमारे ८० टक्के भाग विम्यातून मिळतो.

माणसाला आपलं श्रम रोजच्या रोज विकल्याशिवाय जगता येत नाही, ही बाजाराची खरी सक्ती. ती सक्ती आईवर होती, माझ्यावर नाही. कारखान्याचा मालक आजही दुसराच कोणीतरी आहे, हे खरं. पण आईच्या आणि माझ्या जगण्यातल्या या फरकाला तुमच्या व्याख्येत जागाच नसेल तर ती व्याख्या मला काय सांगते?

ताळेबंद:
तिठा यांच्या निष्कर्षाशी सहमत, पण कारण वेगळं. शेजारच्या डेन्मार्कचे तेव्हाचे पंतप्रधान लार्स लोके रासमुसन यांनी २०१५ साली हार्वर्डमध्ये जाहीरपणे सांगितलं की आमचा देश समाजवादी नियोजनापासून फार लांब आहे, आमची बाजार अर्थव्यवस्था आहे. स्वीडनचं बघा. कंपनी कर २०.६ टक्के, वारसा कर रद्द, २००७ पासून संपत्ती करही रद्द. १९९२ पासून सरकारी पैशावर खाजगी शाळा चालतात. उलट साधारण वस्तूंवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो गरीबही भरतो. खाडीकाठ, तुमची रजा तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी पगारातून भरली आहे, श्रीमंतांना लुटून आलेली नाही. धंदा मोकळा ठेवला म्हणून हे परवडतं. याला समाजवाद म्हटलं की आपल्याकडचे लोक समजतात, धंद्याला जखडलं की कल्याण होतं.

काळी माती:
कल्याणकारी योजना म्हणजे समाजवाद असं असतं तर जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क मोठा समाजवादी ठरला असता. त्याने १८७८ साली समाजवाद्यांवर बंदीचा कायदा आणला आणि १८८३ साली आजारपणाचा विमा, तोही कामगारांनी समाजवाद्यांकडे जाऊ नये म्हणून. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा पाया घालणारा १९४२चा अहवाल लिहिणारे बेव्हरिज उदारमतवादी होते.

आपल्याकडचा घोळही सांगतो. घटनेच्या सरनाम्यात ‘समाजवादी’ हा शब्द १९७६ साली ४२व्या दुरुस्तीने आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवताना म्हटलं की आपल्या संदर्भात त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य, खाजगी उद्योगाला त्याची आडकाठी नाही. म्हणजे आपल्या न्यायालयाच्या अर्थाने स्वीडन समाजवादी ठरतो.

खाडीकाठ:
बघा, मग माझा अर्थ काही घरगुती नाही.

तिठा:
न्यायालयाने घटनेतल्या शब्दाचा अर्थ लावला, त्याचा मान आहेच. पण बाबासाहेबांकडे जा. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत सदस्य के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ शब्द घालण्याची सूचना केली, ती बाबासाहेबांनी नाकारली. समाजरचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांना ठरवू द्या, हे एक कारण. दुसरं असं की मार्गदर्शक तत्त्वं दिशेने समाजवादीच आहेत, आणि त्यासाठी त्यांनी साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण यांवरचं कलम दाखवलं. १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात तर मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, विमा राज्याचाच असावा, अशी त्यांची मागणी होती. मालकीचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

ताळेबंद, तुम्हाला एक आठवण. नॉर्वेत इक्विनॉर या तेल कंपनीचे ६७ टक्के शेअर सरकारचे आहेत. माझ्या मोजपट्टीने तिथे समाजवादाचा अंश स्वीडनहून जास्त आहे, आणि तरी देश बुडालेला नाही.

खाडीकाठ, तुमच्या आईच्या प्रश्नाने मी अडलोय, हे मान्य करतो. तो फरक माझ्या व्याख्येत बसत नाही. पण म्हणूनच मला भीती वाटते. मालकी ज्यांच्याकडे राहिली त्यांनी उद्या ४८० दिवसांचे २०० करायचं ठरवलं, तर अडवणार कोण?

खाडीकाठ:
आम्ही. इथे दहापैकी सुमारे सात कामगार संघटनेत आहेत, मीही आहे. माइडनर यांचा निधी झाला असता तर मी काम करते त्या कंपनीत आज आमचाही शब्द चालला असता, आणि तो व्हायला हवा होता असं मलाही वाटतं. पण ताळेबंद म्हणतात तसं हे धंद्याच्या भरभराटीतून आपोआप गळून पडलेलं फळ नाही. मे १९३१ मध्ये ओदालेन खोऱ्यात संपकऱ्यांच्या मोर्च्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. पुढच्याच वर्षी सोशल डेमोक्रॅट सत्तेवर आले, आणि तुमची ती ४४ वर्षं तिथून सुरू होतात.