मदत हवी आहे: एचओ मॉडेलमध्ये दोन डिझेल इंजिनांमधलं अंतर खऱ्यासारखं कसं आणावं?

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. एचओ म्हणजे १:८७ प्रमाणात परळी थर्मलची कोळशाची गाडी तयार करायलोय. पुढं दोन अल्को बनावटीची डिझेल इंजिनं, लाँग हूडला लाँग हूड (केबिनपासून लांबचं टोक) लावून. आमच्या लाइनीवर आता विजेच्या तारा आल्यात, त्यामुळं ही जोडी निदान मॉडेलमध्ये तरी हुबेहूब उतरावी ही मनापासून इच्छा आहे.

दोन्ही इंजिनांची बॉडी डब्ल्यूडीएम-२ या अल्को प्रकाराच्या मापानं थ्रीडी प्रिंट करून घेतली आहे, खाली अमेरिकन चेसी (चाकं-मोटरचा सांगाडा). अडचण आहे ती मधल्या जागेची. चेसीसोबत आलेल्या नकल कपलरनं (मुठीसारखा अडकणारा जोड) जोडलं की हेडस्टॉक (इंजिनाच्या टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक २३ मिमी भरतात. खऱ्या मापात ते २ मीटर झाले! प्रत्यक्षात दोन इंजिनांचे बफर (टोकाचे धक्का झेलणारे गोल दट्टे) एकमेकांना टेकलेले असतात आणि दोन हेडस्टॉकमध्ये साधारण सव्वा मीटर जागा असते. म्हणजे मॉडेलवर १४ ते १४.५ मिमी हवेत. बाजूनं बघितलं की हाच फरक आधी डोळ्यात खुपतो. रंग, नंबर, जाळ्या कितीही चांगल्या असोत, दोन इंजिनं एकमेकांशी फटकून उभी असल्यासारखी दिसतात.

आखूड शँकचा (दांडीचा) कपलर लावून अंतर कमी करता येतं, ते माहीत आहे. पण माझी वळणं २२ इंची आहेत, खोलीत त्याहून मोठं बसत नाही. खऱ्या ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. एचओमध्ये ते २ मीटर होतं, आणि माझं आहे ५६ सेंटिमीटर. बफर धरून एक इंजिन १९७ मिमी. एवढ्या वळणावर दोन इंजिनांमध्ये सुमारे २० अंशांचा कोन होतो आणि आतल्या बाजूचे बफर एकमेकांकडे जवळपास ५ मिमी सरकतात. म्हणजे सरळ रुळावर बफर टेकवले तर वळणावर इंजिन उचललं जाणार, हे नक्की.

काही जण बफर कापून आखूड करतात. मला ते पटत नाही. बफर हा आपल्या इंजिनाचा चेहरा आहे, तो गेला तर ते अमेरिकन इंजिनच दिसायला लागतं.

उंचीचाही घोळ आहे. अमेरिकन कपलर रुळापासून सुमारे १० मिमीवर बसतो. आपल्याकडं बफर आणि सीबीसी (मधला कपलर) दोन्हींची उंची जास्तीत जास्त ११०५ मिमी, म्हणजे मॉडेलवर १२.७. डब्यांकडच्या टोकाला मी तडजोड करीन, पण दोन इंजिनांच्या मध्ये नको.

तर जाणकारांनी सांगावं:
ही जोडी कधीच सोडवायची नाही, मग कपलरऐवजी पितळी पट्टीचा पक्का ड्रॉबार चालेल का? त्याचा पिव्होट (फिरायची खीळ) हेडस्टॉकला लागून घ्यावा की मागं? दोन्ही इंजिनं डीसीसीवर (प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) आहेत, ड्रॉबारमध्ये ढील नसल्यानं ती एकमेकांना ओढाताण करतील का? आणखी एक, खोली पत्र्याची आहे. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो, म्हणून ग्लू-गनचा डिंक कुठंच नको आहे.

प्रतिसाद १

दादा, ड्रॉबारच करा. पिव्होट मात्र मागं घ्या, बोगीच्या (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्याच्या) मध्याजवळ. पिव्होट जितका मागं, तितकं वळणावर मधलं अंतर आपोआप वाढतं. हेडस्टॉकपासून ३० मिमी मागं घेतलात तर तुमच्या वळणावर जेमतेम १ मिमी मिळेल. थोडंच आहे, पण इथं तेवढंही कामाचं. बाकी स्प्रिंगचे बफर लावा, प्रत्येकी १ मिमी दबले की २ मिमी सुटले. उरले दोनेक मिमी, तेवढी फट सरळ रुळावर ठेवा. म्हणजे हेडस्टॉकमध्ये साडेसोळा. २३ वरून साडेसोळावर आलात की चित्रच बदलतं. स्प्रिंग एकदम मऊ हवी, कडक असेल तर तीच इंजिनाला रुळावरून ढकलेल.

पट्टीला ओळीनं तीन-चार भोकं पाडून ठेवा, एकेका भोकात पिन घालून अंतर कमीजास्त करून बघता येईल. डिंकाची गरज नाही, २ मिमीचा स्क्रू आणि वॉशर पुरे. पट्टी उघडी पडली तर शॉर्ट होईल, म्हणून निदान एका टोकाला प्लॅस्टिकचं बुश घाला.

एस वळण असेल तर मात्र सांभाळा. डावं वळण संपताच उजवं लागलं की टोकं विरुद्ध बाजूंना जातात आणि बफर एकमेकांच्या मागं अडकतात. मध्ये निदान एका इंजिनाएवढा सरळ रूळ ठेवा.

डीसीसीचं म्हणाल तर ड्रॉबार लावण्याआधी दोन्ही इंजिनं सुटी चालवून वेग जुळवा. सीव्ही (डीकोडरमधली सेटिंग) २, ५ आणि ६ मध्ये सुरुवातीचा, कमाल आणि मधला वेग बसतो. हळू वेगाला आधी जुळवा, ओढाताण तिथंच जास्त जाणवते.

धागाकर्ता

मनापासून आभार. एस वळण स्टेशनाच्या तोंडाशी आहे, दोन काटे (रूळ बदलायचे सांधे) लागून बसवलेत. मधला सरळ तुकडा जेमतेम १० सेंटिमीटर. काटे न हलवता काही करता येईल का? की फक्त त्या टोकाचे बफर गोलसर घासले तर चालेल?